चालण्याचाही तास हवा
(द्वितीय वर्ष, कला)

शारीरिक शिक्षण म्हटले की डोळ्यांपुढे मैदान, शर्यती आणि ढाली येतात. पण वर्गातील किती मुले त्या मैदानावर उतरतात? आमच्या हायस्कुलात पी.टी.च्या तासाला कबड्डी-खोखोच्या संघातील मुले खेळत आणि आम्ही बाकीचे लिंबाखाली बसून टाळ्या वाजवीत असू. परीक्षा जवळ आली की तो तासही गणिताला जाई. तरीही आम्ही काटक राहिलो, ते घर ते शाळा या तीन किलोमीटरच्या वाटेमुळे.

महात्मा गांधींना शाळेत कसरत आणि क्रिकेट आवडत नसे. मोकळ्या हवेत फिरण्याचे फायदे वाचून त्यांनी चालण्याची सवय लावून घेतली व त्यामुळे आपले शरीर कसले गेले, असे ते ‘सत्याचे प्रयोग’मध्ये सांगतात. १९३० साली, साठी उलटल्यावर, ते साबरमतीहून दांडीपर्यंत सुमारे ३८५ किलोमीटर चालले!

५ ते १७ वर्षांच्या मुलांनी रोज सरासरी ६० मिनिटे तरी अंगमेहनतीची हालचाल करावी, असे जागतिक आरोग्य संघटनेने २०२० मध्ये सुचविले आहे. भरभर चालणे त्यात मोडते. त्याला साहित्य लागत नाही, फी लागत नाही आणि संघातून कोणी वगळलाही जात नाही.

मात्र पायपिटीचे गोडवे मला गायचे नाहीत. त्याच निर्जन वाटेपायी आमच्या वाडीतल्या दोन मुलींची शाळा आठवीत सुटली. आज माझा धाकटा भाऊ रिक्षाने शाळेत जातो. वडील शेतमजुरीतून रिक्षाचे पैसे भरतात. “आम्ही तुडवलं तेवढं पुरे झालं, पोराने कशाला?” असे ते म्हणतात. त्यांना मी व्यायामाचे महत्त्व कोणत्या तोंडाने सांगू?

म्हणूनच नाइलाजाची पायपीट आणि व्यायाम म्हणून चालणे यांतला फरक शाळेने ओळखावा, असे मला वाटते. आठवड्यातून दोन तास सरांनी सगळा वर्ग, मुलामुलींसह, बाहेर काढावा. ओढ्यापर्यंत जावे, शिवारातली पिके पाहावीत, गप्पा मारीत परत यावे. मैदान नसलेल्या शाळेलाही हे जमेल.

मित्रहो, आपल्यापैकी बरेच जण उद्या बी.एड. करून शिक्षक होतील. तेव्हा लिंबाखाली बसलेल्या मुलांची आठवण ठेवा. माझा भाऊ खुशाल रिक्षाने शाळेत जावो. पण शाळेने त्याला चालायला शिकवावे!