पहिला पैसा गावचाच हवा!

बेळगावच्या एखाद्या तरुणाने मोबाइलचे ॲप तयार केले की त्याची पुढची वाट ठरलेली असते. रात्रीच्या गाडीने बेंगळूर किंवा पुणे गाठावयाचे, गुंतवणूकदारांच्या कचेऱ्यांचे उंबरठे झिजवावयाचे आणि वाटाण्याच्या अक्षता घेऊन परतावयाचे. "ग्राहक किती?" हा तेथला पहिलाच प्रश्न, आणि त्यास याच्यापाशी उत्तर नसते. अखेर तो तेथेच कोणाच्या तरी चाकरीस लागतो, आणि आम्ही येथे बसून "आमची मुले गावात राहात नाहीत" म्हणून उसासे टाकतो. हे उसासे ढोंगी आहेत, असे आमचे स्पष्ट मत आहे.

या शहरात पैसा नाही, असे कोण म्हणेल? भूखंडांचे व्यवहार पाहावेत, सराफकट्ट्यावरील गर्दी पाहावी. आमच्या धनिकांस प्रत्येक वसाहतीतील जागेचा भाव तोंडपाठ असतो. परंतु शेजारच्या मुलाने काय निर्माण केले आहे, याची त्यांस दादही नसते. फार झाले तर "व्याजाने देतो" म्हणतात. अहो, ज्या धंद्यास पहिली एक-दोन वर्षे दमडीची प्राप्ती नाही, ज्याच्यापाशी गहाण ठेवावयास यंत्र नाही की जमीन नाही, त्याने पुढच्याच महिन्यापासून हप्ता भरावा कोठून? अशा धंद्यास सावकार नको, भागीदार हवा. तोटा झाला तर सोसणारा आणि नफा झाला तर हक्काने वाटा घेणारा!

आम्ही काही अघटित सांगत नाही. १८८८ साली याच बेळगावात लक्ष्मणराव किर्लोस्करांनी सायकलींचे दुकान थाटले. पुढे त्यांची चारा कापण्याची यंत्रे आणि लोखंडी नांगर आले. नगरपालिकेस जागा हवी झाली आणि त्यांस येथून उठावे लागले. तेव्हा औंधच्या अधिपतींनी जागा दिली, द्रव्यसाहाय्य दिले, आणि १९१० साली किर्लोस्करवाडी उभी राहिली. औंधकरांनी काय पाहिले? माणूस पाहिला आणि त्याच्या हातचे काम पाहिले. आमच्या हातचे गेले ते असे!

किर्लोस्करांचा काळ निराळा होता, असे कोणी म्हणेल. तर मग व्हॉट्सॲपचे उदाहरण घ्या. २००९ मध्ये ते जन्मास आले, तेव्हा त्यास पहिले अडीच लाख डॉलर कोणी दिले? ब्रायन ॲक्टन यांच्या याहू कंपनीतील पाच जुन्या सहकाऱ्यांनी! मोठी पेढी आली ती त्यानंतर, २०११ मध्ये. आणि २०१४ मध्ये फेसबुकने १९ अब्ज डॉलरांस त्याचा सौदा केला. प्रत्येक ॲपचे असे सोने होत नाही, बहुतेक बुडतात. परंतु पहिला पैसा ओळखीच्या माणसांकडून आला, ही गोष्ट विसरता येत नाही.

कायद्याची सबबही आता उरलेली नाही. नव्या कंपनीने वाजवी मूल्याहून अधिक किमतीस भाग विकले, तर वरची रक्कम तिचे उत्पन्न समजून कर लावण्याची तरतूद २०१२ साली आली होती. 'एंजल टॅक्स' नावाने कुप्रसिद्ध झालेली ती तरतूद २०२४ च्या अर्थसंकल्पात रद्द झाली. २०१३ च्या कंपनी कायद्यान्वये खाजगी कंपनीस २०० पर्यंत भागधारक घेता येतात. मात्र जाहिरात देऊन लोकांकडे पैसा मागता येत नाही. म्हणजे कायद्यानेही वाट दाखविली आहे ती ओळखीच्या दारांकडेच!

आता तरुणांसही दोन शब्द सुनावणे आमचे कर्तव्य आहे. कागदावरचे मनोरे घेऊन कोणाच्या दारी जाऊ नका. फौंड्रीचा हिशेब ठेवणारे ॲप असेल, तर उद्यमबागेतील दहा कारखान्यांत ते आधी चालवून दाखवा. त्यांतील तिघांनी जरी खिशातून पैसे दिले, तरी तुमची बाजू शंभर भाषणांहून बळकट होईल. भाग उधळू नका. पाच लाखांपायी कंपनीचा चाळीस टक्के हिस्सा प्रारंभीच देऊन बसलात, तर उद्या येणारा मोठा गुंतवणूकदार तुमच्या हाती उरले काय, ते पाहूनच माघारी फिरेल. करार लेखी करा, हिशेब दर तिमाहीस द्या, तोटा लपवू नका. आणि भांडवल मिळणे म्हणजे यश, हा भ्रम सोडा. २०२२ मध्ये २२ अब्ज डॉलर मूल्य लागलेल्या बायजूजवर २०२४ मध्ये दिवाळखोरीची कारवाई सुरू झाली, हे सर्वांनी पाहिले आहे.

धनिकांस आमची मागणी मोठी नाही. दहा जणांनी एकत्र यावे, प्रत्येकी एक लाख काढावा. कंपनीचे मूल्य या रकमेसह एक कोट धरले, तर दहा जणांचा मिळून दहा टक्के वाटा होतो. नव्वद टक्के त्या तरुणाकडेच राहतो. बुडाला तरी चूल विझणार नाही, एवढाच पैसा घालावा. पतसंस्थेतील ठेवींस तर बोटही लावू नये. पैशाबरोबर आपल्या ओळखी द्याव्यात, चार ग्राहक मिळवून द्यावेत. बेंगळूरच्या दारी आमचा तरुण उद्या अवश्य जावो. परंतु जाताना याचक म्हणून नव्हे, तर गावचे ग्राहक आणि गावचे भांडवल पाठीशी घेऊन जावो!

एवढेही करावयाची आमची तयारी नसेल, तर मुले गाव सोडून जातात म्हणून रडण्याचा अधिकार आम्हास उरत नाही.