नदीकाठची करमणूक

पुण्याच्या मुळा-मुठेचा काठ नव्याने बांधून काढावयाचा, तेथे फिरावयास वाटा, बसावयास पायऱ्या, मुलांस बागा व मोठ्यांस उपाहारगृहे करावयाची, आणि ज्या नदीकडे शहराने पाठ फिरवली होती तिच्याकडे लोकांचे पाऊल पुन्हा वळवावयाचे, हा बेत आता नवा राहिलेला नाही. ६ मार्च २०२२ रोजी पंतप्रधानांच्या हस्ते त्याची कोनशिला बसली. नद्यांची शहरातील लांबी सुमारे ४४ किलोमीटर, खर्चाचा अंदाज ४,७०० कोटी रुपयांच्या वर, आणि आखणी ज्यांनी अहमदाबादेस साबरमतीचा काठ सजवला त्यांचीच. संगमवाडी ते बंडगार्डन या भागात काम प्रथम सुरू झाले.

आम्ही गोंदियाच्या मंडळींनी यात डोके का घालावे, असे कोणी विचारील. परंतु गोंदियाहून सुटणारी महाराष्ट्र एक्सप्रेस पुण्यावरूनच कोल्हापुरास जाते, आणि तिच्या डब्यांतून आमच्या घरोघरची मुले शिक्षणास व नोकरीस पुण्याकडेच गेलेली आहेत. शिवाय पुण्यास आज जे होते ते दहा वर्षांनी जिल्ह्याच्या गावी होते, असा अनुभव आहे. आमच्या गावाजवळून वाहणाऱ्या पांगोलीचे पुनरुज्जीवन व्हावे अशी मागणी आहेच. तेव्हा नदीकाठच्या पुणेकरांचे म्हणणे काय आहे, ते आताच नीट समजून घेतलेले बरे.

प्रथम एक गोष्ट सांगितली पाहिजे. करमणुकीस नाक मुरडणारे जे कोणी असतील त्यांच्यात आमची गणना होऊ नये. दहा-बारा माणसांच्या घरात संध्याकाळी बाहेर पडण्यासारखी, विशेषतः वृद्धांस व स्त्रियांस पैसा न मोजता तासभर बसता येईल अशी जागा असणे ही चैन नव्हे. मुठेच्या काठाला तर करमणुकीची परंपराही आहे. अभियांत्रिकी महाविद्यालयाचा नौकाविहार मंडळ १९२८ पासूनचा, आणि त्याचा रेगाटा पाहावयास संगमाच्या काठी कुटुंबेच्या कुटुंबे जात. २६ जून १९६८ रोजी उघडलेले बालगंधर्व रंगमंदिर नदीपासून हाकेच्या अंतरावर आहे, आणि त्याचे भूमिपूजन १९६२ साली खुद्द बालगंधर्वांनी केलेले. लकडी पुलाखालचा गणेशविसर्जनाचा सोहळा निराळा सांगावयास नको. डेक्कनच्या बाजूस नदीपात्रात भेळेच्या व अंडाभुर्जीच्या गाड्या लागतात; आमच्या वडीलधाऱ्यांस ती खाद्ये रुचोत वा न रुचोत, रात्री उशिरा खोलीवर परतणाऱ्या विद्यार्थ्यांचे पोट त्यांवर भरते हे खरे.

मग काठावरचे लोक कुरकुरतात का? त्यांच्या तक्रारीत सर्वांत मोठी जागा पुराची आहे, आणि आमच्या मते तेच योग्य आहे. १२ जुलै १९६१ रोजी पानशेतचे धरण फुटले, त्यापाठोपाठ खडकवासल्याचे फुटले, आणि नारायण, शनिवार, कसबा या पेठांतून पाणी वाड्यांच्या माळ्यापर्यंत चढले. आमचे एक आप्त त्या वेळी नारायण पेठेत राहत. घरातील भांडीकुंडी गेली, वंशावळीची वही गेली. पुढे आयुष्यभर त्यांनी घराची कागदपत्रे वरच्या फळीवर ठेवली, आणि खाली ठेवणाऱ्या सुनेस रागे भरले. असा माणूस नदीच्या पात्रात भिंत उभी राहताना पाहतो तेव्हा त्याच्या मनात सौंदर्याचा विचार प्रथम येत नाही.

ती गोष्ट धरण फुटण्याची होती, असे म्हणता येईल. परंतु २५ जुलै २०२४ रोजी कोणतेही धरण फुटले नव्हते. खडकवासल्यातून सुमारे ३५,००० क्युसेक पाणी सोडण्यात आले, धरणाखालचे ओढे त्यात मिळाले, आणि सिंहगड रस्त्यावरील एकतानगरीत लोकांस घराबाहेर काढावयास नावा न्याव्या लागल्या. आता हिशेब पाहा. मुठेच्या काठी सरकारने दोन पूररेषा आखल्या आहेत: निळी रेषा ६०,००० क्युसेकची, तर लाल रेषा १ लाखाची. निळ्या रेषेच्या आकड्यापेक्षा पुष्कळ कमी पाणी सोडले असता ही अवस्था झाली. नदीचे पात्र भराव व राडारोडा यांनी आधीच आवळले गेले आहे, आणि दोन्ही बाजूंस नवे बांधकाम झाले तर ते आणखी आवळेल, असे वास्तुविशारद सारंग यादवाडकर यांच्यासारखे जाणते नागरिक सांगत आले आहेत. महापालिकेचे म्हणणे याच्या अगदी उलट: काठ नीट बांधला म्हणजे पाणी अधिक सुरळीत वाहील व पुराची पातळी उतरेल. दोहोंपैकी कोण बरोबर, याचा निकाल लावण्याइतके स्थापत्यशास्त्र आमच्यापाशी नाही. तथापि ज्याच्या घरात पाणी शिरते त्याने आधी पुरावा मागितला, तर त्यास प्रगतीचा शत्रू म्हणणे हे सभ्यपणाचे नाही.

त्याच दिवशी पहाटे डेक्कनजवळ पुलाच्या वाडीत तीन तरुण आपली अंडाभुर्जीची गाडी पाण्यातून हलवीत असता विजेचा धक्का बसून गेले. नदीकाठच्या करमणुकीचा विचार करताना ही बातमी आम्हांस पुनःपुन्हा आठवते. करमणूक ज्यांच्या कष्टावर चालते ती माणसे काठावरच्या सर्वांत सखल जागी असतात. नव्या आराखड्यात त्यांची गाडी कोठे लागणार? की फरसबंदी चकचकीत झाली म्हणजे गाडी जाणार आणि तिच्या जागी काचेच्या दारांची उपाहारगृहे येणार, जेथे पाच माणसांच्या कुटुंबाने चहा घ्यावयाचा म्हणजे महिन्याच्या दुधाचा हिशेब करावा लागेल? साबरमतीकाठी दहा हजारांहून अधिक कुटुंबांस आपल्या झोपड्या सोडून अन्यत्र जावे लागले होते. त्यांना घरे मिळाली, पण काम जुन्या जागी आणि घर शहराच्या दुसऱ्या टोकास, अशी पुष्कळांची स्थिती झाली.

साबरमतीचे नाव निघालेच आहे तर आणखी एक. तेथे जे भरलेले पात्र दिसते व ज्याच्या छायाचित्रांनी आपण मोहित होतो, ते पाणी नर्मदेच्या कालव्यातून आलेले आहे आणि वासणा येथील बंधाऱ्याने ते अडविले आहे. मुठेत पावसाळा सरला की जे वाहते त्याचा बराच भाग शहराचे सांडपाणी असतो. ते शुद्ध करण्याची योजना निराळी आहे: जपानी कर्जाच्या साहाय्याने अकरा शुद्धीकरण केंद्रे उभारावयाची, खर्च सुमारे ९९० कोटी, मंजुरी २०१६ च्या आरंभीची. कोनशिला बसली तेव्हा सहा वर्षे लोटूनही ती केंद्रे पुरी झालेली नव्हती. काठ आधी आणि पाणी मागाहून, हा क्रम आमच्या घरातील म्हाताऱ्यांसही उलटा वाटला. नाकाला पदर लावून कोण सहलीस जाईल?

झाडांसाठी मात्र पुणेकर रस्त्यावर उतरले. एप्रिल २०२३ मध्ये व पुन्हा फेब्रुवारी २०२५ मध्ये हजारो लोक, त्यांत आजोबांचा हात धरलेली नातवंडेही, चिपकोच्या नावाने चालत नदीकडे गेले. त्याची वर्णने वृत्तपत्रांत सविस्तर आली आहेत.

मनोरंजनासाठी नदीकाठ बांधणे सर्वथा चूक, असे म्हणावे काय? अमेरिकेत टेक्सास संस्थानात सॅन अँटोनियो म्हणून शहर आहे. तेथे १९२१ च्या सप्टेंबरात मोठा पूर आला व माणसे दगावली. नगरीने प्रथम ओल्मॉस नावाचे धरण बांधले, ते १९२६ साली पुरे झाले. मग पुराचे पाणी परस्पर नेणारा वळणकालवा काढला. नदीकाठच्या पायवाटा, पायऱ्या व दुकाने यांचा रॉबर्ट ह्यूगमन यांचा आराखडा १९२९ चा, आणि त्याचे काम झाले ते १९४० च्या सुमारास. तरीही पुढे कित्येक वर्षे तो भाग ओसाड पडून होता व १९६८ च्या जागतिक प्रदर्शनाच्या निमित्ताने पुन्हा गजबजला. आज तेथे वर्षभर जत्रा असते. गंमत काठावर आहे खरी, पण ती पुराची व्यवस्था लागल्यानंतरची आहे; आणि ती रुजावयास पिढीभराचा अवधी लागला.

बालगंधर्व रंगमंदिराची गोष्ट या सर्वांशी जोडलेली आहे. ते पाडून मोठे संकुल उभारावे अशी चर्चा २०१८ पासून सुरू आहे, आणि नटांनी व रसिकांनी तिला विरोध केला आहे. आमच्या घरात यावर दोन पक्ष आहेत. धाकट्यांस प्रशस्त वाहनतळ व चांगली स्वच्छतागृहे हवीत; त्यांचे म्हणणे रास्त आहे, कारण जुन्या इमारतीची त्या बाबतीतली कीर्ती सांगण्याजोगी नाही. थोरल्यांचे म्हणणे असे की, पाडलेले नाट्यगृह पुन्हा उभे राहीपर्यंत नाटकवाल्यांनी जावे कोठे, आणि नव्या संकुलाचे भाडे त्यांना परवडेल याची हमी कोण देणार? आम्ही थोरल्यांकडे झुकतो. स्वच्छतागृहे दुरुस्त करावयास इमारत पाडावी लागत नाही.

आता आमच्याकडे वळू. झाडीपट्टीत करमणुकीची रीत निराळी आहे. दिवाळी झाली की गावोगाव मंडई भरते, दिवसा दंडार होते, रात्री मांडवात नाटकाचा पडदा उघडतो तो पहाटेपर्यंत. बैलगाड्या गेल्या, मोटारी आल्या, तरी माणसे घोंगडी घेऊन सहकुटुंब येतात. सकाळी मांडव उठतो, आणि ज्या शेतात तो होता ते पुन्हा शेत होते. नदीकाठच्या जत्राही अशाच, वाळू उघडी पडल्यावर भरणाऱ्या. पाणी येण्यापूर्वी त्या उठलेल्या असतात. ऑगस्ट २०२० च्या अखेरीस वैनगंगेस महापूर आला तेव्हा काठच्या गावांचे फार नुकसान झाले, पण जत्रेचे काही बुडाले नाही, कारण तेथे पक्के असे काही नव्हतेच.

पांगोलीकाठी बाग व्हावी, बाके यावीत, संध्याकाळी मुलांस घेऊन जाता यावे, हे आम्हांसही हवे आहे. ती बाग मंडईच्या मांडवासारखी हलकी करता येईल काय, हे आराखडा काढणाऱ्यांनी पाहावे. आणि कागदावर रेघ ओढण्यापूर्वी त्यांनी काठच्या बांध्या कसणाऱ्या शेतकऱ्यांकडे एक फेरी मारावी. श्रावणात पाणी कोणत्या धुऱ्यापर्यंत येते, कोणत्या वर्षी ते कोणत्या झाडाच्या बुंध्याला लागले होते, आणि गावाचे गटार नदीस कोठे मिळते, हे ते जागेवर उभे राहून दाखवतील.