विश्लेषण : युद्धाचे ‘धावते समालोचन’ १९९२ मध्येच ऐकवणारा रॉक अल्बम आज पुन्हा का ऐकावा?

गेल्या वर्षी ‘ऑपरेशन सिंदूर’नंतरच्या धामधुमीत, १० मे २०२५ रोजी केंद्रीय गृह मंत्रालयाच्या अखत्यारीतील नागरी संरक्षण महासंचालनालयाने वाहिन्यांना एक सूचना केली. जनजागृती वगळता कार्यक्रमांत हवाई हल्ल्याचा सायरन वाजवू नका. स्टुडिओतला सायरन ऐकून कान सरावले, तर खरा वाजल्यावर कोणी हलणार नाही, ही भीती त्यामागे होती. बातमी आणि करमणूक यांतली रेषा पुसली की काय होते, यावर रॉजर वॉटर्स यांनी १९९२ मध्ये एक अख्खा अल्बम केला होता. ‘अम्यूज्ड टू डेथ’ हे त्याचे नाव.

हा विषय वॉटर्स यांना कसा सुचला?

‘पिंक फ्लॉइड’चे बासवादक आणि प्रमुख गीतकार वॉटर्स १९८५ मध्ये बँडमधून बाहेर पडले. हा त्यांचा तिसरा एकल रॉक अल्बम. नाव घेतले ते अमेरिकी माध्यम अभ्यासक नील पोस्टमन यांच्या १९८५ च्या ‘अम्यूझिंग अवरसेल्व्ह्ज टू डेथ’ या पुस्तकावरून. पोस्टमन यांचा मुद्दा असा, की पुस्तकांवर बंदी येईल ही जॉर्ज ऑर्वेल यांची भीती बाजूलाच राहिली. पुस्तक वाचावेसेच कोणाला वाटणार नाही, ही ऑल्डस हक्सले यांची भीती खरी ठरली, कारण टीव्ही प्रत्येक गोष्टीचा तमाशा करतो. पुढे जानेवारी १९९१ मध्ये आखाती युद्ध सुरू झाले आणि ‘सीएनएन’ने बगदादवरील हल्ल्याची खबर थेट तिथल्या हॉटेलातून दिली. हिरव्या पडद्यावर चमकणारे ठिपके जगाने घरात बसून पाहिले. वॉटर्स यांचे वडील १९४४ मध्ये इटलीत अँझिओच्या लढाईत मारले गेले होते. त्यामुळे युद्ध हा त्यांच्यासाठी केवळ बातमीचा विषय नव्हता.

गाण्यांत नेमके काय आहे?

मुखपृष्ठावर टीव्हीसमोर बसलेले वानर आहे. ‘लेट होम टुनाइट’ या गाण्याला १९८६ च्या लिबियावरील अमेरिकी हवाई हल्ल्याची पार्श्वभूमी आहे. ‘वॉचिंग टीव्ही’मध्ये तिआनमेन चौकात मारली गेलेली विद्यार्थिनी येते. तिचे मरण इतरांच्या मरणापेक्षा वेगळे का, तर ते टीव्हीवर दिसले.

पण सर्वात झोंबते ती ‘परफेक्ट सेन्स’. तेलविहिरीवर पाणबुडीने केलेल्या हल्ल्याचे समालोचन त्यात बास्केटबॉल सामन्यासारखे होते. आवाज नकलाकाराचा नाही. अमेरिकेतील नामवंत क्रीडा समालोचक मार्व्ह अल्बर्ट यांचाच आहे! मे २०२५ मध्ये आपल्याकडे काही वाहिन्यांनी कराची बंदरावर हल्ला झाल्याच्या खोट्या बातम्या चालवल्या. व्हिडीओ गेममधील दृश्ये खरी लढाई म्हणून फिरली आणि ‘पीआयबी’च्या फॅक्ट चेक विभागाला खुलासे करावे लागले. ते सगळे आठवत हे गाणे ऐकले, तर त्यातला विनोद फारसा विनोदी राहत नाही.

सगळेच काही जमलेले नाही. सत्तर मिनिटांहून लांबलेल्या या अल्बममध्ये वॉटर्स अनेकदा गोष्ट सोडून उपदेश करू लागतात.

वाद्यवृंद कशासाठी?

वाद्यवृंदाची रचना आणि संचालन मायकल केमन यांचे. ‘द वॉल’लाही त्यांची साथ होती आणि ‘डाय हार्ड’, ‘लीथल वेपन’ या हाणामारीच्या चित्रपटांचे संगीतही त्यांचेच. त्यामुळे पडद्यावरची हिंसा कानाला भव्य कशी वाटते, हे त्यांना पक्के ठाऊक होते. इथे बॉम्ब पडताना व्हायोलिनचा ताफा फुगत जातो, आणि आपण नकळत त्या भव्यतेला भुलतो. तमाशावर टीका करणारा अल्बम स्वतःच केवढा मोठा तमाशा आहे! ही विसंगती मला दोष वाटत नाही. ऐकणाऱ्यालाही ती प्रेक्षकांत बसवते. जेफ बेक यांची गिटार या सगळ्यात एकट्या माणसासारखी विव्हळते.

फोनवर ऐकले तर चालेल?

चालेल, पण अर्धेच पोचेल. ध्वनिमुद्रणात ‘क्यूसाउंड’ हे तंत्र वापरले आहे. दोन्ही कानांपर्यंत आवाज पोचण्याच्या वेळेत आणि पातळीत सूक्ष्म फरक ठेवला, की मेंदू आवाजाची जागा चुकीची ओळखतो. सुरुवातीचा कुत्रा त्यामुळे स्पीकरच्या पलीकडे, शेजारच्या गल्लीत भुंकल्यासारखा वाटतो. त्यासाठी दोन स्पीकर अंतरावर हवेत आणि आपण त्यांच्या मधोमध. फोनच्या दोन छिद्रांतून हे साधत नाही. हेडफोनवरही परिणाम उणावतो. जेम्स गथ्री यांनी केलेली सराउंड आवृत्ती २०१५ मध्ये आली आणि पुढच्या वर्षी तिला ग्रॅमी मिळाले.

अल्बमची सुरुवात मात्र कोणत्याही फोनवर ऐकता येते. पहिल्या महायुद्धातील सैनिक आल्फ राझेल म्हातारपणी सांगत असतात : जखमी सहकारी बिल हबर्डला उचलून आणण्याचा प्रयत्न केला, पण त्याला दोन्ही फळ्यांच्या मधल्या जमिनीवर सोडून परतावे लागले. तिथे कॅमेरा नव्हता. शेवटी राझेल पुन्हा बोलतात. बेपत्ता सैनिकांच्या स्मारकावर खूप वर्षांनी त्यांना हबर्डचे नाव सापडले, त्याबद्दल.