घरचे घरी : दगडी ताटावरचे चिवट डाग

भांडे म्हटले की ते लख्खच दिसले पाहिजे, असा आम्हा जुन्या गृहिणींचा हट्ट असतो. या हट्टापायी गेल्या दिवाळीत माझ्या हातून एक अपराध घडला. तो आज वाचक-भगिनींपुढे कबूल करते.

आमच्या सूनबाईंच्या ओव्हनमध्ये स्टोनवेअरचे, म्हणजे दगडी मातीचे, एक ताट असते. तीन वर्षे त्यावर त्या नानकटाई भाजीत आल्या. मूळचा बदामी रंग जाऊन ते गडद तपकिरी झाले होते. त्या नोकरीवर गेल्या असता मी तारेची घासणी आणि साबणाची पूड घेऊन दुपारभर ते घासले व सायंकाळी मोठ्या अभिमानाने त्यांच्यापुढे ठेवले. त्या काहीच बोलल्या नाहीत. दुसऱ्या दिवशीच्या नानकटाईला मात्र साबणाचा वास आला आणि एकही नानकटाई अखंड सुटेना. तेव्हा त्या हळूच म्हणाल्या, "आई, तुमच्या बिडाच्या तव्याला मी कधी साबण लावला आहे का?"

मी निरुत्तर झाले. बिडाचा तवा वापराने मुरतो, मग त्यावर घावन चिकटत नाही, हे मीच त्यांना शिकविले होते!

स्टोनवेअर ही सुमारे १२०० अंश सेल्सिअस किंवा त्याहून अधिक उष्णतेत भाजलेली माती. तिच्या काही भांड्यांवर काचेसारखा लेप असतो, काहींवर नसतो. लेप नसलेल्या भांड्याच्या सूक्ष्म छिद्रांत तूप-तेल शिरते आणि उष्णतेने घट्ट होऊन रोगणासारखा थर धरते. तो तपकिरी रंग डाग नव्हे. ती भांड्याची कमाई होय. काढावयाचा तो केवळ वर जळून बसलेला पीठ-साखरेचा पापुद्रा.

त्यासाठी भांडे आधी पूर्ण निवू द्यावे. गरम भांड्यावर गार पाणी पडल्यास ते तडकण्याची भीती असते. पापुद्रा लाकडी उलथण्याने खरवडावा. तीन चमचे खाण्याच्या सोड्यात एक चमचा पाणी घालून केलेला लगदा अर्धा तास लावून ठेवावा, मऊ ब्रशाने चोळावा आणि कोमट पाण्याने धुवावे. साबण वा कपड्यांचे ब्लीच वापरू नये. छिद्रांत शिरलेले सहज निघत नाही. पूर्ण वाळल्याखेरीज भांडे ओव्हनमध्ये ठेवू नये.

लेप असलेल्या भांड्याला साबण चालतो. चिवट डागावर सोड्याचे कोमट पाणी रात्रभर ठेवावे. लेपावरच्या करड्या रेघा पुष्कळदा ओरखडे नसून चमच्याचा धातू घासून बसलेला असतो. त्या सोड्याच्या लगद्याने फिक्या होतात. सोड्यात व्हिनेगर मात्र मिसळू नये. फेस दिसतो खरा, पण दोन्ही एकमेकांचा गुण मारतात. लेपाला जाळीदार तडे जाऊन आत काळे शिरले असेल, तर ते भांडे स्वयंपाकातून निवृत्त करावे.

आमचे ताट मी पाणी बदलत भिजविले, दोन दिवस वाळविले आणि त्यावर साध्या कणकेच्या दोन पोळ्या भाजून टाकून दिल्या. वास गेला. रंग मात्र हळूहळू परत येतो आहे. आता घासणी हाती घेण्यापूर्वी मी सूनबाईंना विचारते.