कच्चा लिंबू नको, वाढीव गुण द्या



लंगडी असो की पकडापकडी, एखादं दुबळं पोरगं असलं की मुलं म्हणतात, "तू कच्चा लिंबू!" म्हणजे त्यानं पळायचं, पण आऊट झाला तरी त्याच्यावर राज्य नाही. आपल्याला वाटतं, पोरं किती समजूतदार! पण माझ्या वर्गातला एक मुलगा म्हणाला, "सर, मी खेळलो काय न् नाही काय, सारखंच." तेव्हापासून हा कच्चा लिंबू मला खटकतो.

उपाय सापडला बोलिंगमध्ये. चेंडू घरंगळत सोडून दहा पिना पाडायचा हा खेळ पुण्या-मुंबईच्या मॉलमध्ये असतो, आपल्या आष्टीत कुठला! त्याच्या लीग सामन्यांत कमी सरासरीच्या खेळाडूला 'हँडिकॅप' म्हणजे वाढीव गुण मिळतात. आधी एक आधारसंख्या ठरवतात, समजा २००. त्यातून खेळाडूची सरासरी वजा करायची आणि उरलेल्याचे ९० टक्के घ्यायचे. सरासरी १२० असेल तर फरक ८०, वाढीव गुण ७२. सरासरी १८० असेल तर १८. दोघं आपापल्या सरासरीइतकंच खेळले तर १९२ आणि १९८. म्हणजे चांगला खेळाडू थोडा पुढेच राहतो. पण पहिला त्या दिवशी जीव लावून खेळला तर जिंकूही शकतो.

आम्ही हे मैदानावर केलं. पाण्याच्या दहा रिकाम्या बाटल्या, रबरी चेंडू, प्रत्येकाला पाच फेका. दर फेकीला बाटल्या पुन्हा उभ्या करायच्या, म्हणजे एकूण गुण ५०. आधारसंख्या ४०. त्या मुलाचे तीन दिवसांचे गुण १८, २२, २०. सरासरी २०, वाढीव गुण १८. सरासरी आणि शेकडेवारी मुलांनी स्वतःच काढली, फळ्यावर न शिकवता!

तुम्ही म्हणाल, हे तर फुकटचे गुण. तसं नाही. सरासरी वाढली की वाढीव गुण कमी होतात. कोणी मुद्दाम कमी बाटल्या पाडेल, हा धोका मात्र खरा आहे. म्हणून रोजचे सगळे गुण वहीत लिहा आणि सरासरी दर आठवड्याला नव्याने काढा.

पुढे त्या मुलाची सरासरी २४ झाली, वाढीव गुण १८ चे १४ झाले. गुण घटले म्हणून इतकं खूश झालेलं पोरगं मी पहिल्यांदाच पाहिलं.

कच्च्या लिंबाचा हिशोब कोणी ठेवत नाही. याचा ठेवावा लागतो. तुमच्या वर्गातही करून बघा.