फुकट ते पौष्टिक?

‘आपले लोक वेबसाइटसाठी एक रुपयासुद्धा मोजणार नाहीत.’ आमच्या आयटीवाल्यांच्या जगात हे वाक्य न्यूटनच्या नियमासारखं फेकलं जातं. कोणीही पुरावा मागत नाही. सगळे माना डोलावतात आणि मग गाडी थेट ‘जाहिरात कुठे बसवायची’ या स्टेशनावर जाऊन थांबते. माझं म्हणणं असं, की हे वाक्य चुकीचं तर आहेच, पण काही जणांच्या फार सोयीचंही आहे. कोणाच्या, ते बघू.

सुरुवात व्हॉट्सअ‍ॅपपासून करू, कारण ते तुमच्या आजीच्या फोनमध्येही आहे. एकेकाळी पहिलं वर्ष फुकट आणि नंतर वर्षाला साधारण एक डॉलर, असा त्याचा हिशोब होता. आम्ही जाहिराती का विकत नाही, यावर त्याच्या संस्थापकांनी २०१२ साली चांगलं लांबलचक लिहिलंही होतं. २०१४ मध्ये फेसबुकने १९ अब्ज डॉलर मोजून ते घ्यायचं ठरवलं आणि जानेवारी २०१६ मध्ये तो एक डॉलरही माफ झाला. कारण काय दिलं? तर अनेकांकडे डेबिट किंवा क्रेडिट कार्डच नाही म्हणून! लोकांची द्यायची इच्छा नाही, असं नव्हे, द्यायला साधन नाही. गंमत बघा, त्याच वर्षी एप्रिलमध्ये आपल्याकडे यूपीआय आलं. आज कोपऱ्यावरचा वडापाववाला क्यूआर कोड लावून बसलाय. म्हणजे अडचण संपली. मग तो डॉलर परत आला का? नाही. जून २०२५ मध्ये आली ती ‘अपडेट्स’च्या पानावर जाहिरात दाखवण्याची घोषणा. आता बोला!

इथे जरा आमच्या धंद्यातली एक गोष्ट सांगतो. ४०४ हा एरर सगळ्यांना तोंडपाठ आहे. पण त्याच्या दोन घरं अलीकडे राहणारा ४०२ कधी भेटलाय? त्याचं नाव ‘पेमेंट रिक्वायर्ड’. १९९७ च्या एचटीटीपीच्या मसुद्यात तो ‘पुढे वापरू’ म्हणून राखून ठेवला होता. ते ‘पुढे’ काही धड आलं नाही. त्याआधीच, १९९४ च्या ऑक्टोबरमध्ये, ‘हॉटवायर्ड’ नावाच्या साइटवर जाहिरातीचे बॅनर झळकले होते आणि वेबचा संसार त्यांच्याच पैशांवर उभा राहिला. वाचकाकडून पैसे घ्यायची सोय करण्यात कोणी फार जीव लावला नाही. आणि मग म्हणायचं, लोक देत नाहीत. अहो, पण मागितले होते का कधी नीट?

‘नीट’ हा शब्द महत्त्वाचा. निक झाबो नावाच्या संगणकशास्त्रज्ञाने १९९९ सालीच दाखवून दिलं होतं, की छोट्या रकमांमध्ये खरा खर्च डोक्याचा असतो. एक लेख, दोन रुपये. आता हा लेख दोन रुपयांचा आहे का, हे ठरवण्यात जो वैताग येतो तोच दोन रुपयांपेक्षा महाग पडतो. त्यामुळे दर क्लिकला सुट्टे मागणारी साइट बुडणारच. पण महिन्याचे किंवा वर्षाचे एकदाच पैसे मागा, लोक देतात. यूट्यूब प्रीमियम भारतात मार्च २०१९ मध्ये महिना १२९ रुपयांना आलं, ऑगस्ट २०२४ मध्ये १४९ झालं. जगभरात यूट्यूबच्या म्युझिक आणि प्रीमियमचे मिळून, ट्रायलवाले धरून, साडेबारा कोटी ग्राहक झाल्याचं मार्च २०२५ मध्ये जाहीर झालं. तेच व्हिडिओ फुकट दिसतात हे माहीत असूनही! न्यूयॉर्क टाइम्सने मार्च २०११ मध्ये वेबसाइटवर पैसे मागायला सुरुवात केली तेव्हा अनेकांनी त्यांना वेड्यात काढलं होतं. २०२३ मध्ये त्यांचे वर्गणीदार एक कोटीच्या वर गेले.

बरं, फुकट म्हणजे नक्की किती रुपयांचं फुकट? २०२३ च्या शेवटच्या तिमाहीत फेसबुकची दरडोई कमाई युरोपात २३.१४ डॉलर होती आणि आशिया-पॅसिफिकमध्ये ५.५२ डॉलर. म्हणजे आपल्या भागात महिन्याला साधारण दीडशे रुपये. (त्यात जपान आणि ऑस्ट्रेलियाही आले, तेव्हा आपला वाटा बहुधा त्याहून कमीच.) आता खरी मजा. त्याच तिमाहीत कंपनीने युरोपात जाहिरातींशिवायचं फेसबुक विकायला काढलं, वेबवर महिना ९.९९ युरोला. जाहिरातींतून महिन्याला आठ डॉलरसुद्धा सुटत नव्हते आणि मागितले दहा युरो! वर्षभराने दर ५.९९ युरोवर आणावा लागला. दुकानदारच जर ‘घेऊ नका’ अशा बेताने किंमत लावत असेल, तर गिऱ्हाईक चिकट आहे असं कसं म्हणायचं? म्हणून म्हटलं, ते वाक्य कोणाच्या तरी सोयीचं आहे.

आता तुम्ही म्हणाल, पैसे देऊन तरी काय मिळतं? प्राइम व्हिडिओचे वर्षाचे पैसे भरलेल्यांनाही जून २०२५ पासून भारतात जाहिराती दिसू लागल्या, त्या घालवायच्या तर वर आणखी ६९९ रुपये. कबूल. पैसे दिले की कंपनी आपली होते असं अजिबात नाही. दुसरा आक्षेप मला जास्त जड वाटतो. तालुक्याच्या गावी स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करणाऱ्या मुलाने काय करायचं? प्रत्येक चांगल्या साइटला कुलूप लागलं, तर त्याच्या वाट्याला फक्त कचरा उरेल.

या दोन्ही आक्षेपांचं उत्तर आपल्याच एका जुन्या शब्दात आहे... वर्गणी. मराठीत मासिकाची वर्गणी असते आणि गणपतीचीही वर्गणीच असते. शब्द एकच. बिल्डिंगमधले सगळे काही गणपतीला पैसे देत नाहीत, पण आरतीला आलेल्याला कोणी पावती विचारत नाही. साने गुरुजींनी १९४८ साली काढलेलं ‘साधना’ आजही वर्गणी घेऊन चालतं. एका घरी अंक येतो आणि चार घरं वाचतात. वर्गणी ही मालाची किंमत नसते. ‘हे चालू राहायला हवं’ म्हणून जे देऊ शकतात त्यांनी दिलेला तो हातभार असतो.

आणि वेबवर हे चालतं. विकिपीडिया २००१ पासून उभा आहे, जाहिरात नाही, कुलूप नाही. देणगी मागताना ते स्वतःच सांगतात, की वाचणाऱ्यांपैकी जेमतेम दोन टक्के लोक पैसे देतात. दोन टक्के! तेवढ्यावर तालुक्यातला तो मुलगा आणि तुमचा अमेरिकेतला मॅनेजर, दोघं तेच पान फुकट वाचतात. तेव्हा ‘सगळे लोक पैसे देतील का’ हा प्रश्नच मुळात चुकीचा आहे. शंभरातले दोन कोण, हे विचारायला हवं. ते आपणच असायला हवं ना? महिन्याच्या महिन्याला पगार आपला येतो. वीकेंडला दोघांच्या कॉफीवर सहाशे रुपये आपण उडवतो. आणि अ‍ॅडब्लॉकर पण सगळ्यात आधी आपणच टाकतो.

हे लष्कराच्या भाकऱ्या भाजणं नाही, यात आपलाही जीव अडकलाय. गूगल रीडर १ जुलै २०१३ ला बंद झालं, ऑर्कुट ३० सप्टेंबर २०१४ ला. कोट्यवधी लोकांच्या सवयी, गप्पा, पहिल्या प्रेमाचे स्क्रॅप एका सूचनेवर गुंडाळले गेले. ओरडून उपयोग नव्हता, कारण आपण त्यांचे गिऱ्हाईकच नव्हतो. पैसे भरले म्हणजे अमरपट्टा मिळतो असं नाही, पण निदान हिशोब विचारायची जागा तरी मिळते.

असो. भाषण पुरे. पगार झाला की एसआयपी जाते, जिमचे पैसे जातात (तुम्ही जिमला जाता का, तो प्रश्न वेगळा), त्यात अजून एक ओळ वाढवा. ज्या दोन साइट उद्या सकाळी नसल्या तर तुमचं खरंच अडेल, त्या निवडा. जाहिरातींवर न जगणाऱ्या आणि सगळ्यांसाठी दार उघडं ठेवणाऱ्या असतील तर उत्तमच. वर्षाला पाचशे रुपये प्रत्येकी. आजच रविवार आहे, फोन हातातच आहे. सोमवारपासून पुन्हा डेडलाइन आहेत, मग राहूनच जाईल.