चिमणी उंच करून धूर संपणार नाही, आधी बर्नर बघा

धूर दिसला की आपण सगळे चिमणीकडे बघतो. चिमणी बुटकी आहे, उंच करा. नाहीतर कारखानाच बंद करा. आपल्या एमआयडीसीतल्या धुराबद्दल गेल्या काही महिन्यांत जी निवेदनं दिली गेली, ती बहुतेक सगळी बातमीसाठी माझ्याकडे आली. त्यात फिरून फिरून याच दोन मागण्या आहेत. आज जरा सविस्तर लिहितोय, कारण माझ्या मते या दोन्ही मागण्यांनी मूळ दुखणं बाजूलाच राहतंय. पोस्ट मोठी झालीय. पण ज्यांच्या गच्चीवरच्या वाळवणावर काजळी पडते त्यांनी, आणि ज्यांचं घर त्याच कारखान्याच्या पगारावर चालतं त्यांनीही, शेवटपर्यंत वाचावी ही विनंती.

आधी साधा प्रश्न. काळा धूर म्हणजे काय? काळा धूर म्हणजे अर्धवट जळलेलं तेल. मालकाने पैसे मोजून टँकरने आणलेलं तेल भट्टीत नीट जळलं नाही, ते काजळी होऊन वर गेलं आणि आपल्या पोरांच्या छातीत उतरलं. म्हणजे मालकाचंही नुकसान आणि आपलंही.

आपल्याकडे बॉयलर आणि भट्ट्यांमध्ये जे फर्नेस ऑइल वापरतात, ते रिफायनरीत गॅस, पेट्रोल, रॉकेल, डिझेल काढून घेतल्यावर उरलेल्या जड भागापासून बनतं. काळं, आणि थंडीत काकवीसारखं दाट. काकवीला काडी लावून बघा, पेटणार नाही. या तेलाचंही तसंच आहे. मुळात तेल द्रव रूपात जळतच नाही, त्याची वाफ जळते. म्हणून ते आधी तापवायचं, मग त्याचे बारीक थेंब करायचे आणि त्या थेंबांना पुरेशी हवा द्यायची. एक किलो तेल पूर्ण जळायला साधारण १४ किलो हवा लागते. हे सगळं जिथे घडतं त्या भागाचं नाव बर्नर.

थेंब बारीक का हवेत? एक मिलिमीटरचा एक थेंब घ्या. त्याचे एक दशांश मिलिमीटरचे थेंब केले तर १००० थेंब होतात आणि हवेला भिडणारा पृष्ठभाग १० पट वाढतो. जळायला लागणारा वेळ तर थेंबाच्या व्यासाच्या वर्गाच्या हिशेबाने कमी होतो. म्हणजे व्यास दहावा हिस्सा, तर वेळ शंभरावा हिस्सा. भट्टीत थेंबाला मिळतो जेमतेम सेकंदभर, कधी त्याहूनही कमी. तेवढ्यात तो जळला तर ठीक. मोठा थेंब तेवढ्यात संपत नाही. वरचं वरचं जळतं, आतला भाग कोळसा होतो आणि चिमणीतून बाहेर पडतो. तुमच्या वाळत घातलेल्या कपड्यावर येतो तो काळा कण हाच.

शेतकरी मित्रांना हे वेगळं सांगायला नको. फवारणी पंपाचं नोझल झिजलं की औषध धुक्यासारखं बसत नाही, पानावरून ओघळतं. आणि घरात पंपाचा स्टोव्ह पाहिलेल्यांना आठवत असेल, काकडा नीट पेटवून बर्नर तापवला नाही तर ज्योत पिवळी, भांडं काळं आणि स्वयंपाकघरभर धूर. निळ्या ज्योतीसाठी आई आधी बर्नर तापू द्यायची, मग पंप मारायची. कारखान्यातला बर्नर कितीतरी मोठा, पण दुखणं त्याच जातीचं.

आता हे थेंब करायचे कसे? एक पद्धत अशी की पंपाने तेलावर जोरदार दाब द्यायचा आणि बारीक भोकातून ते फेकायचं. बर्नर स्वस्त आणि सुटसुटीत. पण यात एक अडचण आहे. काम कमी असलं आणि तेल निम्म्यावर आणायचं झालं तर दाब चौथ्या हिश्श्यावर येतो. दाब गेला की फवारा मोडतो, थेंब मोठे होतात, धूर सुरू. म्हणजे कारखाना पूर्ण ताकदीने चालू असताना चिमणी स्वच्छ आणि मंदीत, अर्ध्या पाळीत धूर काळा.

दुसरी पद्धत वाफेची. बर्नरच्या टोकाशी तेलाची वाट आणि वाफेची वाट इंग्रजी वाय अक्षरासारखी एकत्र येतात. वाफ प्रचंड वेगाने येते आणि तेलाचे तुकडे तुकडे करून त्याला पुढे फेकते. थेंब फोडायचं काम वाफ करते, त्यामुळे तेल कमी केलं तरी फवारा बारीकच राहतो. दाट तेलाला ही पद्धत जास्त चालते. बॉयलर घरचाच असेल तर वाफही घरचीच. पण वाफ फुकट नसते. जुन्या, ढिसाळ बर्नरला एका किलो तेलामागे पाव किलो किंवा त्याहूनही जास्त वाफ लागते. नीट आखलेल्या बर्नरला त्याच्या निम्म्याहून कमी पुरते. भोकांचा व्यास, त्यांचा कोन, तेल आणि वाफ यांच्या दाबातला फरक, फवाऱ्याचा घेर आणि त्याभोवतीच्या विटांच्या तोंडाचा आकार, हे सगळं एकमेकांशी जुळावं लागतं. फवारा जास्त पसरला तर तेल विटांवर आपटतं आणि तिथेच कोळशाचा थर धरतो.

ही विद्या नवीन नाही. १८८० च्या सुमारास कॅस्पियन किनाऱ्यावरच्या बाकूमध्ये रॉकेल काढून उरलेलं दाट तेल टाकाऊ समजलं जायचं. ते जाळायचे प्रयत्न आधीही झाले होते. पण व्लादिमीर शुखोव या तरुण रशियन इंजिनिअरने वाफेने तेल फवारणारा सुटसुटीत बर्नर बनवला आणि तोच कचरा जहाजांचं, बॉयलरचं इंधन झाला. आपल्या देशात नीलगिरीच्या डोंगरी रेल्वेची काही वाफेची इंजिनं कोळशावरून तेलावर आणली गेली. मग सव्वाशे-दीडशे वर्षं जुनी असलेली ही गोष्ट आपल्या तालुक्याच्या गावात का जमत नाही?

याचं उत्तर मला एका जुन्या बॉयलर अटेंडंटकडून मिळालं. आता ते निवृत्त आहेत, नाव देत नाही. ते म्हणाले, "साहेब, बर्नर वाईट नसतो, त्याचे हाल वाईट असतात." त्यांनी जे सांगितलं आणि नंतर दोन-तीन ठिकाणी मी जे स्वतः पाहिलं, ते असं.

१) तेल पुरेसं तापवत नाहीत. फवाऱ्याआधी हे तेल १०० अंशांच्या आसपास गेलं पाहिजे. वीज वाचवायला हीटर कमी ठेवतात, किंवा थर्मामीटर बंद पडलेला असतो आणि सगळं अंदाजाने चालतं.

२) नोझलचं भोक तुंबलं की लोखंडी तारेने खरवडतात. एकदा खरवडलं की भोक मोठं आणि वेडंवाकडं होतं. पुन्हा फवारा कधी गोल येत नाही. नोझल ही झिजणारी, ठरावीक काळाने बदलायची वस्तू आहे, हेच मानलं जात नाही.

३) वाफ ओली असते. पाइपवरचं आवरण फाटलेलं, साचलेलं पाणी बाहेर काढणारा स्टीम ट्रॅप बिघडलेला. मग वाफेबरोबर पाणी येतं, ज्योत फुरफुरते, ठिणग्या उडतात.

४) पहाटे बॉयलर थंड असतो, म्हणजे तेल फोडायला वाफच नसते. अशा वेळी कॉम्प्रेसरच्या हवेने फवारा करायचा किंवा हलक्या डिझेलवर सुरुवात करायची. तो खर्च टाळून थेट दाट तेलच पेटवलं की काय होतं, ते सकाळी सहा-साडेसहाला शाळेची बस पकडणाऱ्या पोरांना विचारा. पहाटेचाच धूर सगळ्यात काळा का, याचं हे एक मोठं कारण.

५) हवेचा झडपा कोणीतरी वर्षापूर्वी लावला तसाच असतो. हवा कमी पडली तर काळा धूर. जास्त झाली तर धूर दिसत नाही, पण उष्णता वर निघून जाते. धुरात प्राणवायू ३ टक्क्यांच्या आसपास असला तर हवा साधारण बरोबर, हे मोजणारं यंत्र हातात मावतं. दोन-तीन ठिकाणी विचारलं, एकाकडेही नव्हतं.

यातली एकही गोष्ट कोट्यवधींची नाही. हातात मावणारं नोझल, एक थर्मामीटर, एक ट्रॅप, पाइपवरचं आवरण आणि रोज अर्धा तास लक्ष. मालकांनी हा हिशेब स्वतःच करावा. काजळी बॉयलरच्या नळ्यांवर बसली की उष्णता पाण्यात जात नाही, धुरातून वर जाते. चिमणीतल्या धुराचं तापमान २२ अंशांनी वाढलं की बॉयलरची कार्यक्षमता साधारण १ टक्क्याने घसरते, असा ठोकताळा आहे. दिवसाला २ टन तेल जाळणाऱ्या युनिटने २ टक्के वाचवले तरी रोजचं ४० किलो तेल झालं. वर्षाचं गणित तुम्हीच करा.

आता चिमणीच्या उंचीबद्दल. उंचीसाठी आपल्याकडे जे सूत्र वापरतात ते तेलातल्या गंधकावर चालतं. ताशी किती किलो सल्फर डायऑक्साइड बाहेर पडतो तो आकडा घ्यायचा, त्याचा ०.३ घात काढायचा आणि १४ ने गुणायचं. ताशी १०० किलो तेल आणि त्यात साडेतीन टक्के गंधक धरलं तर ७ किलो सल्फर डायऑक्साइड निघतो आणि सूत्राने उंची येते सुमारे २५ मीटर. हे सूत्र धूर लांब नेऊन पातळ करायचं आहे, कमी करायचं नाही. चिमणी आणखी उंच केली तर आपल्या गल्लीतली काजळी शेजारच्या वाडीत जाईल. तिथले लोकही आपलेच आहेत.

आणि कारखाना बंद करा म्हणणाऱ्यांना एकच विचारतो. दोन पाळ्यांत काम करणारी माणसं कुठली आहेत? बहुतेक आपल्याच प्रभागातली. निवेदनावर सही करणाऱ्या एका आजींचा नातू तिथेच हेल्पर आहे. त्यांचा खोकला खरा आहे आणि नातवाचा पगारही खरा आहे. दोघांना एकमेकांसमोर उभं करायची गरज नाही, कारण दुरुस्ती शक्य आहे.

एक गोष्ट मात्र स्पष्ट सांगायला हवी. चांगला बर्नर काजळी थांबवेल, गंधक थांबवणार नाही. तेलात गंधक असेल तर ज्योत कितीही स्वच्छ असली तरी सल्फर डायऑक्साइड होणारच. त्यासाठी कमी गंधकाचं इंधन किंवा गॅस हाच उपाय. सुप्रीम कोर्टाने २०१७ साली उत्तर प्रदेश, हरियाणा आणि राजस्थानात फर्नेस ऑइल आणि पेटकोकच्या वापरावर बंदी घातली. १ जानेवारी २०२० पासून जगभरच्या जहाजांच्या इंधनातल्या गंधकाची मर्यादा ३.५ टक्क्यांवरून ०.५ टक्क्यांवर आली. म्हणजे दिशा ठरलेली आहे. गॅसची लाइन आपल्याकडे येईल तेव्हा उत्तमच. पण तोवर पोरांनी काजळी गिळत बसायचं का?

तपासणीचं काय, असं विचाराल. बॉयलरचा कायदा १९२३ पासून होता, २०२५ मध्ये नवा आला. त्याचा भर सुरक्षिततेवर, म्हणजे बॉयलर फुटू नये यावर, आणि तो असलाच पाहिजे. पण वाफ न बनवणारी साधी भट्टी त्यात येतच नाही. प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या संमतीपत्रात इंधन, चिमणीची उंची आणि धुराच्या मर्यादा असतात. एक खातं दाब बघतं, दुसरं चिमणीचं तोंड बघतं. मधली ज्योत रोज बघणारा फक्त पाळीवरचा कामगार. त्याला ज्योत ओळखायला कोणी शिकवलंय का, आणि नोझल बदला म्हणाला तर त्याचं कोणी ऐकतं का?

म्हणून पुढच्या निवेदनात या मागण्या घाला. प्रत्येक युनिटच्या गेटवर इंधनाचा प्रकार, नोझल शेवटचं कधी बदललं ती तारीख आणि धुरातल्या प्राणवायूचा त्या आठवड्याचा आकडा लिहिलेला फलक असावा. पहाटे भट्टी पेटवताना दाट तेल वापरू नये. मंडळाच्या अधिकाऱ्यांनी एकदा तरी दुपारी बाराऐवजी सकाळी सहाला यावं. एमआयडीसीतल्या उद्योजक संघटनेने सगळ्यांमध्ये मिळून एक तपासणी यंत्र घ्यावं, म्हणजे छोट्या युनिटवर भार नको. आणि बर्नरवर काम करणाऱ्यांसाठी आयटीआयमध्ये दोन दिवसांचं प्रशिक्षण ठेवावं.

नगरसेवक, उद्योजक संघटना आणि मंडळाच्या स्थानिक कार्यालयाला ही पोस्ट मी आज पाठवतोय. त्यांची बाजू आली की इथेच जशीच्या तशी टाकेन. कारखान्यात काम करणाऱ्या मित्रांनी कमेंटमध्ये नाव लिहू नका, मला मेसेज करा. बाकीच्यांनी उद्यापासून आठवडाभर फक्त एवढंच टिपून ठेवा: धूर किती वाजता सुरू झाला, किती वेळ होता, रंग कोणता होता. त्या नोंदी घेऊन आपण सोमवारी मंडळाच्या कार्यालयात जाऊ.